दोन वर्षांत मोडणारी खुर्ची

मला एक सांगा, काय बिघडलंय ते कळलं, कुठं बिघडलंय ते कळलं, त्या काचेच्या खोलीतल्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसलंसुद्धा, मग उघडून नीट का करत नाहीत? एवढंच विचारलं होतं मी. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "होतं असं कधीकधी." आता हे काय उत्तर झालं? मी विचारतोय का होत नाही, आणि हे सांगतायत होतं. नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "बाहेर थांबा." बाहेर थांबलो. बाहेर फरशी पुसणारे काका होते, म्हटलं यांचा इथं रोजचा वावर, यांना ठाऊक असेल, त्यांना विचारलं, ते म्हणाले, "पाय वर घे." घेतले. पाय वर घेऊन बसलो आणि दादा गेला.

तुम्हाला सांगतो, मी काही कुणाशी वाकड्यात शिरायला विचारलं नव्हतं. आमच्या घरात वस्तू बिघडली की उघडायची, आत काय झिजलंय ते बघायचं, तेवढंच बदलायचं आणि परत बंद करायची, याच्यापलीकडे दुसरं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खुर्च्या करायचा. लाकडाचं काम त्याचं, बैठकीला वेत विणायचं काम वहिनीचं, आणि माझं काम... माझं काम म्हणजे दादानं मागितली की पटाशी द्यायची, आणि तो ओरडला की दुसरी पटाशी द्यायची. मी सातवीपर्यंत शिकलो. म्हणजे सातवीपर्यंत शाळेत होतो, शिकलो किती ते मास्तरांनी कधी कुणाला कळू दिलं नाही, तेवढी माया होती त्यांची. मग दादा म्हणाला, "ये दुकानात." आलो. तेव्हापासून दुकान बुडायचं राहिलंय एवढंच.

आता खुर्च्यांचं दुकान म्हटल्यावर तुम्हाला वाटेल माणूस येतो, खुर्ची घेतो, जातो. येत होती माणसं. पण ती जात नव्हती ना घेऊन. कारण दुकानात पाय ठेवला की दादा विचारायचा, "जुनीला काय झालं?"

"अं?"

"तुमच्या जुन्या खुर्चीला काय झालं?"

"ती... जरा हलते."

"घेऊन या."

"अहो, पण मला नवीन हवीय."

"हवीय ना, करून देतो की. आधी जुनी घेऊन या. तिचं काहीच होण्यासारखं नाही असं ठरलं की लगेच नवीन."

आणि ते कधी ठरायचंच नाही हो. तो जुनी उलटी करायचा, पोटाला कान लावून ऐकायचा, एक खुंटी काढायचा, एक घालायचा, वहिनी चार वेत ओढून द्यायची, आणि माणूस आपलीच खुर्ची आपल्याच डोक्यावर घेऊन परत. खूश होऊन परत, ही आणखी चीड. मी मागून म्हणायचो, "दादा, अरे नवीन घ्यायला आला होता तो." तर म्हणे, "त्याला बसायला हवं होतं. बसला." जगात हा एकटाच दुकानदार असेल की ज्याच्याकडून वस्तू विकत घ्यायची तर ओळख काढून यावं लागायचं.

आणि केलीच एखादी नवीन, तर तिला खिळा नाही. चिकटवणं नाही. सगळं खाचेत खाच आणि वर खुंटी. मी म्हणायचो, अरे एक खिळा मार, दोन मिनिटांचं काम आहे. "खिळा मारला की पुढच्या माणसाची वाट बंद," म्हणायचा. "त्याला उघडायची झाली तर तो काय करणार?" आता हा पुढचा माणूस कोण, कुठं राहतो, आपल्याला चहा पाजतो का, काही नाही. पण दादाला त्याची फार काळजी. आणि लाकडाची. "हे झाड वाढायला जेवढा काळ गेला तेवढी तरी खुर्ची टिकावी रे, नाहीतर आपण चोर." म्हणजे बघा, लोक गिऱ्हाइकाला घाबरतात, हा झाडाला घाबरायचा.

मी त्याच्या अगदी उलटा. मला नवीन काही दिसलं की हात शिवशिवतात. मी फोन बदलला, तर दादा म्हणे, "जुन्याला काय झालं?" म्हटलं, "काही झालं नाही, नवीन आलाय." "कुठाय तो जुना?" "ड्रॉवरमध्ये." त्यानं ड्रॉवर उघडला, तर आत जुना, त्याच्याखाली त्याचा मोठा भाऊ, त्याच्याखाली त्याचे वडील, अख्खं खानदान झोपलेलं. बूट घेतले, जुन्यांना काय झालं? चष्मा घेतला... काळा, उन्हातला... तर म्हणे, "जुन्याला काय झालं?" म्हटलं, "दादा, जुना नव्हताच." तर माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "मग यांना काय झालं?" आता याला काय बोलणार तुम्ही?

असा माणूस. गेला. आणि त्याला बघायला, म्हणजे आम्हाला भेटायला, माणसं यायला लागली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपल्या घरात खुर्ची नाही. एकसुद्धा नाही. खुर्च्या करणाऱ्याच्या घरात सगळे खाली बसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एक होती, ती दादानंच कुणालातरी दिली, "त्यांच्याकडे म्हातारं माणूस आहे, आपल्याकडे काय, सगळे धडधाकट." धडधाकट. काय बोलून गेला बघा.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, सतरंजी आहे, चटया आहेत." पण मामा येणार होते. मामा म्हणजे आमच्या आईचे थोरले भाऊ, गुडघे पार गेलेले, आणि खाली बसले की उठवायला माणसं बोलवावी लागतात. म्हटलं नाही, माझ्या दादाच्या घरी आलेला माणूस अवघडून बसणार नाही. उठलो तसा धावत गेलो. मोठ्या रस्त्यावर ते काचेचं शोरूम आहे ना, आत गेलं की घाम सुकतो तसलं, तिथं गेलो आणि म्हटलं, खुर्च्या द्या. "किती?" म्हटलं, "माणसं खूप येणार आहेत." बस, तेवढ्यावर त्यानं गाडी भरली.

काय खुर्च्या होत्या म्हणून सांगू. गुलाबी, पोपटी, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या, आणि पाय इतके बारीक की बघूनच वाटावं, या बसायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या आहेत. प्रत्येक खुर्ची खोक्यात, खोक्यात पिशवी, पिशवीत फोम, पायांना मोजे घातल्यासारखा आणखी फोम, कोपऱ्यांना थर्माकोल. माणसं रडायला आली आणि थर्माकोल वेचत बसली. शेजारच्या काकू पदर डोळ्यांना लावायच्या, तर पदराला पांढरे गोळे चिकटलेले, ते डोळ्यात गेले, त्यामुळे त्या इतक्या रडल्या की लोक म्हणाले, केवढा जीव होता बाईंचा. कचरा इतका झाला, इतका झाला, की दादाचा फोटो कुठं ठेवायचा ते कळेना. आणि त्या फोटोत तोंड असं केलेलं की... तुम्हाला सांगतो, मी फोटोकडे बघायचं टाळलं. विचारेल म्हणून. काय विचारेल ते तुम्हाला माहीत आहे.

मामा आले. त्यांना मानाची पिवळी दिली. मामा बसले, हातात काठी, माझ्या खांद्यावर हात, घसा खाकरला, आणि म्हणाले, "हे बघ बाळा, शरीर म्हणजे काय, आज आहे आणि उद्या..."

कट्.

मामा खाली. काठी वर. आणि मामा मोठे हिंमतीचे, खालूनच वाक्य पुरं केलं, "...नाही."

आता हसावं की धावावं? मी धावलो. आणि मागून आवाज आला, वळून बघतो तर वहिनी. तोंडात पदर कोंबून हसतेय. दादा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडातून आवाज निघाला तो हा. हसता हसता तिचा चेहरा कधी फिरला ते कळलंच नाही, मग ती जे रडायला लागली, की मामांना तसंच खाली ठेवून सगळ्या बायका तिच्याकडे गेल्या. मामा म्हणत होते, "मला कुणीतरी..."

दुसऱ्या दिवशी गुलाबी गेली. मग पोपटी. मग लोक शहाणे झाले, उभ्या उभ्याच दुःख करून जायला लागले, कुणी बसलंच तर भिंत धरून, अर्धं वजन पायावर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखं. आणि तुम्हाला खरी गंमत सांगतो... गंमत कसली, माझ्या जिवाला घोर... लोक भेटायला येताना स्वतःच्या खुर्च्या घेऊन यायला लागले. बसायला नाही हो. दुरुस्तीला. दादानं सगळ्यांना सांगून ठेवलेलं ना, कधीही घेऊन या. दारात माणूस उभा, एका हातात खुर्ची, दुसरा हात छातीवर, "फार वाईट झालं हो. सोन्यासारखा माणूस. विश्वास बसत नाही अजून. ...हिची जरा मागची तंगडी बघाल का?"

मामा हे सगळं बघत होते. पाठ शेकत होते आणि बघत होते. शेवटी वहिनीला म्हणाले, "पोरी, आता दुकानाचं काय? हा चालवणार? याला धड खिळा मारता येत नाही." म्हटलं, "मामा, आपल्या दुकानात खिळा मारतच नाहीत." तर म्हणे, "बघ, तुझ्यासाठीच काढलं असणार ते दुकान."

पाहुणे गेल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसली, खालीच, आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला जमणार असेल तर आपण दुकान ठेवू. नसेल जमणार तर किल्ली जागेच्या मालकाला देते आणि मी माझ्या भावाकडे जाते. रागानं नाही म्हणत. पण नुसत्या वेताची खुर्ची होत नाही."

झालं. एवढं बोलली. एखादीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कारण बघा, दादा गेला, आता वहिनी जाणार, दुकान जाणार, मग मी पटाशी कुणाला देणार? आणि ओरडणार कोण? मी उठलो. माझा स्वभावच तसा, बसून विचार करायचा म्हटलं की माझे पाय आधी उठतात. मोडक्या खुर्च्या गोळा केल्या, सुतळीनं बांधल्या, पाठीवर घेतल्या आणि शोरूममध्ये गेलो, म्हटलं या आधी परत करू, मग पुढचं बघू.

तिथं एक साहेब होते. टाय लावलेले, आवाज असा, लोण्यात सुरी फिरवल्यासारखा. "काय प्रॉब्लेम आहे, सर?" आयुष्यात मला सर म्हणणारा पहिला माणूस, मी मागं वळून बघितलं कोण आलंय. म्हटलं, "साहेब, मोडल्या." "कशानं?" "बसल्यानं." साहेबांनी मान हलवली, फार वाईट वाटल्यासारखी. "सर, याला अयोग्य वापर म्हणतात." "मग योग्य वापर काय?" "घरात शोभा येते सर." म्हटलं, बरं, मग दुरुस्त करून द्या. तर ते हसले हो. मनापासून हसले. "दुरुस्त? सर, याचं काही उघडतच नाही. नवीन घेऊन जा ना, नवीन रंग आलेत." आणि माझ्या तोंडातून निघालं, मी सांगितलं नव्हतं त्याला निघायला, "आणि जुन्यांना काय करायचं?" म्हणाले, "टाकायच्या." "कुठं?" "बाहेर." म्हटलं, "बाहेर म्हणजे कुठं?" तर त्यांनी काचेतून रस्त्याकडे असा हात केला, सगळं जग आपलंच असल्यासारखा. बाहेर भंगारवाला होता, त्याला विचारलं, तो म्हणाला, "हे? हे मी नाही घेत. हे वितळत नाही, जळत नाही, नुसतं धुरकटतं. दादाकडं दे ना, तुझा दादा करेल काहीतरी." त्याला अजून कळलं नव्हतं.

परत आत गेलो, म्हटलं, भंगारवाला तर दादाकडं दे म्हणतोय. साहेबांनी विचारलं, "दादा म्हणजे ते? खुर्च्यावाले? तुम्ही त्यांचे भाऊ?" आणि एकदम खुर्ची दिली मला बसायला. मी बसलो नाही, अनुभव होता. तर ते म्हणाले, "सर, आमच्यासाठी करा ना. लाकूड नाही, भुसा दाबलेल्या फळ्या आम्ही देतो, पिना देतो, नकाशा देतो. तुम्ही फक्त जोडायचं. एकच अट, दोन वर्षं टिकली पाहिजे."

"एवढंच? अहो, आमच्या खुर्च्या तर..."

"तसं नाही सर. दोन. तीन नाही."

मी लगेच हो म्हटलं. नीट कळलंही नव्हतं आणि हो म्हणून मोकळा. मला वाटलं, अरे, हे तर माझ्यासाठीच निघालेलं काम. दादाला आयुष्यभर जमलं नसतं, पण मला? माझी कुठलीही गोष्ट दोन वर्षं टिकली तरी घरात पेढे वाटतील. नमुन्याच्या फळ्या डोक्यावर घेतल्या, मोडक्या पाठीवर होत्याच, आणि असा दोन्हीकडून लादलेला मी घरी.

वहिनीला सांगितलं. म्हटलं, दुकान राहतंय, तुम्ही कुठं जायचं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊजी, दोन वर्षांनी मोडायची, तर कुठून मोडायची?"

"कुठून म्हणजे?"

"म्हणजे कुठली जागा कच्ची ठेवायची? पाठ मोडली तर माणूस मागं जाणार, डोकं आपटणार. पुढचा पाय मोडला तर तोंडावर. कडेनं गेली तर हात." आणि एकदम साधेपणानं, भाजी कशी चिरू विचारावी तसं, "आणि तेव्हा बसलेलं कोण असेल?"

मी म्हटलं, "वहिनी, मला काय माहीत कोण असेल."

"तेच म्हणते," म्हणाली आणि आत गेली.

दुकान उघडलं. दादा गेल्यावर पहिल्यांदा. आणि कामाच्या बाकावर शिवणवाल्या आजींची खुर्ची उघडून पडलेली. या आजी आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, मशीनवर शिवणकाम करतात, आणि त्यांच्या उंचीला दुसरी कुठली खुर्ची चालत नाही. दादानं ती दुरुस्तीला उघडली आणि त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. सगळे भाग बाकावर ओळीनं मांडलेले, तो उघडेल त्या क्रमानं मांडायचा. मी त्याला हात लावला नाही. बाक सोडला आणि जमिनीवर बसून साहेबांची खुर्ची करायला घेतली.

नकाशा सोपा होता. बाण होते. इथं दोन पिना, इथं गोंद, इथं काही नाही. मारल्या पिना. लावला गोंद. हलवून बघितली, हलली. म्हणजे बरोबरच होतं, थोडी हलायलाच हवी होती, त्याशिवाय मोडणार कशी? पण माझा हात... अहो, माझं काही डोकं नव्हतं त्यात, हात आपला गेला आणि पाचर ठोकून आला. म्हटलं अरे, हे काय? काढायला गेलो तर पाचर बसली होती घट्ट. बरं, एकच आहे. मग समोरची बाजू एकटी हलायला लागली, ती बघवेना, तिथं एक खुंटी. मग तिच्या जोडीला एक. मी स्वतःला सांगतोय, कच्ची ठेव, कच्ची ठेव, आणि डोक्यात मागून कुणीतरी टपली मारल्यासारखं होतंय. टपल्या मारून मारून दादानं हाताला असं काही वळण लावून ठेवलंय, आणि मला सांगितलं नाही. मला वाटायचं, मी नुसत्या पटाश्या देतोय.

नेली. साहेबांकडे एक मशीन आहे, ते खुर्चीवर वजन ठेवतं, उचलतं, ठेवतं, उचलतं, ज्याला निघायचंही आहे आणि चहाही हवाय अशा पाहुण्यासारखं. खुर्ची खाली ठेवली, मशीन सुरू केलं. बसलं, उठलं, बसलं, उठलं. साहेबांनी चहा मागवला. चहा झाला. बसलं, उठलं. साहेब जेवून आले. बसलं, उठलं. मी खुर्चीकडे बघून हात जोडतोय, मोड ग बाई, एकदा मोड, वहिनीचं, माझं, दुकानाचं, सगळं तुझ्यावर आहे. ती ढिम्म. शेवटी साहेबांनी मशीन बंद केलं.

"हे काय करून आणलंय तुम्ही?"

"खुर्ची."

"अहो, पण ही मोडत नाहीये."

"मोडेल की साहेब, जरा धीर धरा."

"असं कसं चालेल? गिऱ्हाईक परत येणार कसं?"

म्हटलं, "आमच्याकडे येतात... भेटायला."

साहेबांनी उरलेल्या फळ्या परत मागितल्या. नापास. तुम्ही बघा म्हणजे, आयुष्यभर धड खुर्ची जमत नाही म्हणून बोलणी खाल्ली, आणि आता मोडकी जमत नाही म्हणून हाकलतायत. शाळेत निदान एकाच बाजूनं नापास व्हायचो.

आणि निघता निघता काय झालं, साहेब टाय सैल करत म्हणाले, "जाऊ द्या, ही राहू दे इथं. मला होईल." त्यांची स्वतःची फिरती खुर्ची डावीकडे कलंडलेली, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, बिचारे दिवसभर वाकडे बसतात. आता मला सांगा, चालून आलेलं गिऱ्हाईक. माझं पहिलं. माझ्या हातची खुर्ची. नुसतं "घ्या" म्हणायचं. एवढंच. आणि मी काय म्हणालो असेन?

"जुनीला काय झालं?"

पुढचा अर्धा तास मी साहेबांच्या टेबलाखाली. एक नट ढिला होता हो. एक नट. साहेब बसले, सरळ बसले, डोळे मिटले, म्हणाले, "अरे वा." मग डोळे उघडून म्हणाले, "मग ती आता नको." मी माझी खुर्ची डोक्यावर घेतली.

दुकानावर आलो तर पायरीवर शिवणवाल्या आजी. "माझी खुर्ची झाली का?"

म्हटलं, "आजी, दादा गेला."

"ते कळलं मला. रडून झालंय माझं. खुर्ची झाली का? पलंगावर बसून मशीन चालवतेय, पाठीचा पार भुगा झाला."

"आजी, ती त्यानं उघडलेली. मला नाही येणार."

"मग कुणाला येणार? कोण आहे आत?" आणि माझ्या डोक्यावरच्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ती कुणी केली?"

"मी. पण ती नापास झालीय."

आजींनी ती खाली घ्यायला लावली आणि बसल्या तिच्यावर. "मी इथं बसते. तू कर."

मग काय करणार? म्हातारं माणूस दारात बसलंय. बाकाजवळ गेलो. सगळे भाग ओळीनं. मी उलट्या टोकानं सुरू केलं, त्यानं शेवटी ठेवलेलं ते आधी. पहिली खाच बसेना. फिरवली, बसली. आजी बाहेरून, "झाली का?" "होतेय." वहिनी कधी आली कळलं नाही, तिनं बैठकीची चौकट मांडीवर ओढून घेतली आणि तुटलेले वेत काढायला लागली. मी चुकून म्हटलं, "पटाशी," आणि मागून पटाशी आली. चुकीची आली. मी ओरडलो नाही. दुसरी आली.

खुर्ची उभी राहिली. चारी पाय जमिनीला. हलवली, हलली नाही. मी पोटाला कान लावून ऐकलं, काही ऐकू आलं नाही, म्हणजे बरोबर असणार. आजींनी बसून बघितलं, म्हणाल्या, "तुझ्या दादानं एवढा वेळ लावला नसता." म्हटलं, "नसता लावला." वहिनी तोवर मागच्या बाजूला गेली होती, बघतो तर टपात वेताची नवीन भेंडोळी भिजत घालतेय. भिजत घातलेला वेत कुणी भावाकडे घेऊन जात नाही. मी काही विचारलं नाही. म्हटलं, विचारलं तर पाणी ओतून देईल.

आणि बाक पुसायला हात फिरवला, तर हाताला एक खुंटी लागली. करंगळीएवढी. दादानं घासलेली, गुळगुळीत. उरलेली. आता उरलीच कशी? खुर्ची उलटी केली, सगळ्या खाचा भरलेल्या. परत उलटी केली. कुठं जागाच नाही. आजी म्हणाल्या, "झाली ना रे बाबा?" मी मूठ बंद केली. म्हटलं, "झाली."

मीच पोचवली डोक्यावरून. मशीनसमोर ठेवली, आजी बसल्या, मशीन चालू केलं, आणि मी तिथंच जमिनीवर, कान देऊन. काही नाही, नुसता सुईचा आवाज. आता रोज संध्याकाळी जातो. आजी म्हणतात, "काय रे, रोज? माझी खुर्ची मोडायची वाट बघतोस की काय?" म्हणतो, "नाही हो, सहज." पण तुम्हाला सांगतो, बघतोय. मोडली तर उघडता येईल, उघडली तर कळेल ही कुठली. तुम्ही म्हणाल, उघडून बघ की सरळ. कशी उघडू? काही झालंच नाहीये तिला. धड चाललेली वस्तू उघडली म्हणून दादानं मला केवढं झापलं असतं. आणि आपोआप मोडेल म्हणावं, तर दादाचीच खुर्ची ती. आजी जातील, मी जाईन.

तर असं. दादाचं राहिलेलं शेवटचं काम मी पुरं केलं. एक खुंटी सोडून.